जंगलाच्या हॉररमध्ये भूत दाखवावं का? (धागा जरा मोठा आहे, स्पॉयलर आहेत)

रातकिडा (धागाकर्ता)

परवा रात्री 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' परत बघितला. चौथी नाहीतर पाचवी खेप असेल. घरात सगळे झोपले होते, हेडफोन लावले होते, आणि तो तंबूचा सीन आला ज्यात बाहेर अंधारात लहान मुलांचे आवाज येतात, तिथे मी सिनेमा थांबवला, हेडफोन काढले आणि आपल्याच घरात काही वाजतंय का ते नीट कान देऊन ऐकलं. पुढे काय होणार ते पाठ आहे तरीही. १९९९ चा पिक्चर, ८१ मिनिटं, चेटकिणीवर डॉक्युमेंटरी करायला जंगलात गेलेली तीन मुलं, त्यांच्याच हातात धरलेले कॅमेरे, आणि जिच्या नावावर सगळं उभं आहे ती चेटकीण एका फ्रेममध्येसुद्धा दिसत नाही.

माझं म्हणणं असं आहे की झपाटलेलं घर आणि झपाटलेलं जंगल या हॉररच्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि आपण (बनवणारेही) दोन्हींना एकाच मापाने मोजतो. घराला दार असतं. कितीही भयंकर वाडा असू दे, बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी चालू असतं की जिना उतर, उजवीकडे वळ, बाहेर पड. जंगलात 'बाहेर' कुठल्या बाजूला आहे हेच कळत नाही. म्हणून जंगलाच्या सिनेमात भुताच्या आधी दिशा हरवली पाहिजे, आणि नुसती पात्रांची नाही, आपलीसुद्धा. ब्लेअर विचमध्ये तिघांतला माइक जेव्हा सांगतो की नकाशा मीच ओढ्यात टाकला, तो सीन मला शेवटच्या सीनइतकाच भीतीदायक वाटतो. तिथे भुताचा काही संबंध नाही, तीन थकलेली माणसं आणि एक ओढा, बस.

दुसरं उदाहरण 'द ईव्हिल डेड', १९८१ चा. त्यात जंगलातून काहीतरी झाडाझुडपातून सुसाट येतं तो शॉट सगळ्यांना आठवत असेल. दिग्दर्शक सॅम रेमीच्या टीमकडे महागडी उपकरणं नव्हती, त्यांनी कॅमेरा एका लाकडी फळीच्या मधोमध बसवला आणि दोन माणसं दोन टोकं धरून रानातून पळाली. येणारं जे काही आहे ते आपल्याला दिसतच नाही कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय. पुढे त्या पिक्चरमध्ये रक्ताचे पाट वाहतात पण मला विचाराल तर सगळ्यात भारी तेच फळीवाले शॉट.

आणि मग हल्लीचे बरेच पिक्चर, नावं घेत नाही, दहाव्या मिनिटाला पांढरा चेहरा, काळे डोळे आणि कानठळ्या बसवणारा धाडकन आवाज. एकदा तो चेहरा दिसला की जंगल मागचा पडदा होऊन जातं. फार वाईट वाटतं, कारण एवढी झाडं, एवढा अंधार, एवढं सगळं हाताशी असताना वापर काहीच नाही.

तर विचारायचंय ते हे, की तुम्हाला भुताची नाही, जंगलाची भीती वाटली असा सीन कुठला? आणि तो का चालला?

पाचोळा

मला ब्लेअर विचमधल्या त्या काटक्यांच्या बाहुल्या. झाडांना टांगलेल्या. कोणी टांगल्या, कधी, ते उंच फांदीपर्यंत पोचले कसे, काहीच सांगत नाहीत. आणि शेवटी माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो ते. थिएटरमध्ये बघितला होता तेव्हा दिवे लागल्यावरही लोक मिनिटभर बसून होते.

वाटाड्या

धाग्यातला दिशा हरवण्याचा मुद्दा एकदम बरोबर आणि त्याला आपल्या भाषेत शब्दच आहे की राव, चकवा! चकवा लागला म्हणजे माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे तिथेच असतो. बाकीच्या भुतांना रूप असतं, कोणाचे पाय उलटे, कोणाचे केस मोकळे, पण चकव्याला रूपच नाही. तो दिसत नाही, तो फक्त तुमची वाट फिरवतो. ब्लेअर विचमधली ती तिघं दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्यापाशी येतात, तो शुद्ध चकवा आहे.

आणि ही नुसती गोष्टीतली गोष्ट नाही बरं का. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं होतं. लोकांना जीपीएस लावून जर्मनीतल्या एका मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं सरळ चालत राहा. ज्यांच्या वेळी ऊन होतं ते बऱ्यापैकी सरळ गेले. ज्यांच्या वेळी ढगाळ होतं ते गोल गोल फिरले, आपलाच रस्ता आपणच ओलांडला, आणि त्यांना पत्ताही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावलं तेव्हा तर काही जण २० मीटरपेक्षाही लहान वर्तुळात फिरत होते. कारण पाय लांब आखूड असणं वगैरे नाही, मेंदूला 'सरळ' म्हणजे काय हे ठरवायला बाहेरची खूण लागते, सूर्य, डोंगर, काहीतरी, आणि ती नसली की बारीक बारीक चुका साठत जातात.

माझ्या बाबतीत एकदा झालंय. धुकं होतं, पाच फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, आम्ही दोघंच. तासभर चाललो आणि चिखलात बुटांचे ठसे दिसले. बरं वाटलं, म्हटलं कोणीतरी पुढे गेलंय, वाट बरोबर आहे. मग मित्राने खाली वाकून बघितलं. उजव्या ठशाच्या बाजूला दर दोन पावलांवर एक गोल भोक होतं. माझ्या काठीचं. काठीचं खालचं रबर एका बाजूने फाटलेलं होतं आणि त्या भोकाला एका बाजूला बारीकशी चीर उमटली होती, तीही तशीच. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो जो क्षण होता ना, की हे पुढे गेलेलं 'कोणीतरी' मीच आहे, तो अजून कुठल्या सिनेमाला तसाच्या तसा पकडता आलेला नाही.

रातकिडा (धागाकर्ता)

वाटाड्या, काठीचं वाचून अंगावर काटा आला. हा सीन कोणीतरी घ्यायला पाहिजे, ठसे दिसल्यावर आधी पात्रांना हायसं वाटतं आणि मग... आणि चकवा शब्द मला धागा लिहिताना सुचायला हवा होता, मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

दिवाभीत

मी असहमत. नम्रपणे पण ठाम असहमत :)

'भूत दाखवलं की जंगल संपलं' हा नियम केला तर रॉबर्ट एगर्सच्या 'द विच'चं काय करणार? २०१५ चा, कथा १६३० च्या दशकातल्या न्यू इंग्लंडमधली. वस्तीतून बाहेर काढलेलं एक कुटुंब जंगलाच्या काठावर शेत करून राहतं. थोरली मुलगी तान्ह्या भावाशी डोळे झाकून भॉक करण्याचा खेळ खेळतेय, झाकले डोळे, उघडले, बाळ हसतं, परत झाकले, उघडले, बाळ नाही. नुसतं अंथरलेलं कापड आणि पलीकडे झाडं. आणि यानंतर लगेच दिग्दर्शक आपल्याला चेटकीण दाखवतो! सुरुवातीलाच! ती आहे, खरी आहे, काय करते तेही दाखवतो. तरी पुढचा सगळा सिनेमा जंगलाकडे बघायची हिंमत होत नाही.

म्हणजे दाखवणं न दाखवणं हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की दाखवल्यानंतर तुमच्याकडे अजून काही शिल्लक आहे का. 'द विच'मध्ये आपल्याला माहीत असतं आणि त्या कुटुंबाला माहीत नसतं, ते एकमेकांवर संशय घेत बसतात आणि आपण आतून ओरडतोय की अरे जंगलात बघा, जंगलात. ती भीती लपवाछपवीतून आलेली नाही, माहिती असण्यातून आलीय.

अजून एक, त्या पिक्चरची चौकट बघा. १.६६:१, म्हणजे हल्लीच्या रुंद पडद्यापेक्षा अरुंद आणि उंच. त्यामुळे झाडं वर वर जातात आणि माणसं खाली दबतात. रुंद फ्रेममध्ये जंगल देखावा होतं, इथे भिंत होतं. प्रकाशही बाहेर बहुतेक नैसर्गिक आणि आत मेणबत्त्यांचा. ढगाळ करडा उजेड, सावलीच पडत नाही, आणि वाटाड्यांनी वर सांगितलं तसं ऊन नाही म्हणजे दिशाही नाही.

रातकिडा (धागाकर्ता)

दिवाभीत, रात्रभर यावर विचार केला. तुमचं म्हणणं पटलं, अर्धं. 'दाखवू नका' हा नियम मी मागे घेतो. पण बघा, 'द विच'मध्ये चेटकीण दाखवली तरी जंगल दाखवलेलं नाही. आत किती खोल आहे, तिचं घर शेतापासून किती लांब, किती जणी आहेत, काही नाही. मुलगा आत जातो तेव्हा त्याच्याबरोबर आपणही चुकतो. चेहरा दिसला पण नकाशा मिळाला नाही. म्हणजे मी 'भूत' म्हणत होतो तिथे 'नकाशा' म्हणायला हवं होतं. नकाशा देऊ नका, बाकी काय दाखवायचं ते दाखवा.

आवाजी

मी साउंडचं काम करतो, हॉरर फार नाही पण दोनचार केलेत, म्हणून थोडं त्या बाजूने.

लोकांना वाटतं जंगलाचा आवाज म्हणजे रेकॉर्डर घेऊन जंगलात जायचं आणि घेऊन यायचं. आम्ही जातोही. पण खरं रेकॉर्डिंग सिनेमात लावलं की बऱ्याचदा ते नुसतं खसखस खसखस असं ऐकू येतं, पाऊस पडतोय की पानं वाजतायत कळत नाही. म्हणून पावलांचा आवाज स्टुडिओत बनवतात. जुन्या ऑडिओ कॅसेटमधली रीळ असते ना, ती सगळी उपसून तिचा गुंता जमिनीवर टाकायचा आणि त्यावर पाय द्यायचा, हुबेहूब गवतातून चालल्यासारखं वाजतं. हाड मोडल्याचा आवाज सेलरीची जुडी पिळून काढतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पहिल्यांदा ती रीळ पायाखाली घेतली तेव्हा मी खाली बघत नव्हतो, स्क्रीनवर बघत होतो, आणि पोटरीला गवत लागल्यासारखं वाटलं. कान शरीराला काहीही पटवून देतो.

आता भीतीचं. धाडकन आवाज हा सगळ्यात स्वस्त उपाय, त्याने माणूस दचकतो, घाबरत नाही. दचकणं दोन सेकंदांत उतरतं. जंगलात जे चालतं ते म्हणजे आवाज काढून घेणं. रातकिड्यांचे दोन थर असतात समजा, एक लांबचा, एक जवळचा, वर वारा, वर पानं. जवळच्या किड्यांचा थर हळूच काढायचा. प्रेक्षकाला कळत नाही काय झालं, पण मानेवर काहीतरी जाणवतं. मग वारा काढायचा. आता उरला लांबचा थर, आणि अचानक तुम्ही एका मोठ्या पोकळीत उभे आहात.

हर्ट्झवालं पण बोललं जातं नेहमी. १९९८ मध्ये व्हिक टँडी नावाच्या इंग्लंडमधल्या इंजिनिअरने लिहिलं होतं की त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्याला स्वतःला भुतासारखं करडं काहीतरी दिसलं, आणि शोधल्यावर एका पंख्यामुळे साधारण १९ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १९, कंपनं तयार होत होती असं निघालं. माणसाचा कान साधारण २० च्या वर ऐकतो, म्हणजे ऐकूच येत नाही असा आवाज. पण घरच्या टीव्हीच्या स्पीकरमधून एवढं खालचं बाहेर पडतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबून राहून उपयोग नाही. शांतता मात्र कुठल्याही स्पीकरवर चालते.

ब्लेअर विचच्या शेवटात एक गोष्ट आहे आवाजाची, ती मुद्दाम सांगत नाही अजून, परत बघणाऱ्यांनी शोधा. हेडफोनवर.

निशाचर

आवाजींचं वाचून राहवलं नाही. मी रात्रीच्या वन्यजीव नोंदींना जाते, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावणं काढणं वगैरे, त्यामुळे अंधारात बसायची सवय आहे. तो 'जवळचे किडे थांबतात' प्रकार खराखुरा आहे. रातकिड्यांना जमिनीतली हालचाल कळते, कोणी जवळ आलं की ते गप्प होतात. तुम्ही एका जागी हललं नाही की पाचसात मिनिटांनी परत सुरू होतात. मग तुम्ही बसलेले असता, कोणी हललेलं नसतं, आणि डाव्या हाताचे किडे थांबतात. फक्त डाव्या हाताचे. काय असेल ते असेल, साळिंदर, रानमांजर, पण त्या वेळी डोकं साळिंदर म्हणत नाही. मग समोरचे थांबतात आणि डावीकडचे सुरू होतात. म्हणजे ते तुमच्या समोर आलंय. पावलाचा आवाज शून्य. हे मी कुठल्याच पिक्चरमध्ये ऐकलेलं नाही आणि ऐकायला फार आवडेल.

अजून एक. सिनेमात अंधारात टॉर्च मारला की दोन लाल डोळे चमकतात. खरं तर हेडलॅम्प लावून गवताकडे बघा, शेकडो बारीक हिरवट निळे ठिपके चमकतात, दवबिंदूंसारखे. दव नसतं ते. जमिनीवरच्या कोळ्यांचे डोळे असतात. डोकं वळवलं की ठिपके विझतात, परत वळवलं की परत. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पाऊल उचललेलं तसंच धरून उभी होते, ठेवू कुठे हा प्रश्न.

आणि निळा चंद्रप्रकाश बंद करा कोणीतरी प्लीज. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीसतीस मिनिटं लागतात आणि त्या अंधुक उजेडात डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. सगळं राखाडी दिसतं, आणि गंमत म्हणजे थेट ज्याच्याकडे बघाल ते नाहीसं होतं, बाजूला बघितलं की परत दिसतं. झाडाशी कोणी उभं आहे असं वाटतं, तिकडे बघितलं की नाही, नजर सरकवली की आहे. सगळं फुकट मिळतं, कुठलाही मेकअप लागत नाही.

वाटाड्या

निशाचर ताई, डाव्या हाताचे किडे... आज झोप नाही.

पाणवठा

थोडं वेगळं बोलते, चर्चा छान चालली आहे त्यात खडा टाकायचा नाहीये. जपानच्या आओकिगाहारा जंगलावर जे पिक्चर निघतात त्यांच्याबद्दल. २०१६ चा 'द फॉरेस्ट' त्यातलाच, शूटिंग बरंचसं सर्बियात झालं पण गोष्ट तिथली.

ते जंगल काय आहे हे वाचलं तर थक्क व्हायला होतं. इ.स. ८६४ मध्ये फुजी पर्वताचा उद्रेक झाला, लाव्हा पसरला, आणि त्या लाव्हावर हे जंगल उगवलं, सुमारे ३० चौरस किलोमीटर. खाली खडक असल्यामुळे मुळांना खोल जाता येत नाही, ती जमिनीवरच नागासारखी पसरलेली. लाव्हा सच्छिद्र, आवाज शोषून घेतो, त्यामुळे आत कमालीची शांतता. होकायंत्र फिरतं म्हणतात, तर लोहयुक्त खडकावर टेकवलं तर सुई हलते, हातात धरलं तर नीट चालतं. जपानीत त्याला जुकाई म्हणतात, झाडांचा समुद्र. आता आवाजी आणि वाटाड्या सांगतायत ते सगळं, शांतता, दिशा हरवणं, निसर्गाने तिथे आधीच करून ठेवलंय.

पण पिक्चरवाले घेतात काय, तर तिथे जीव दिलेल्या माणसांची भुतं. ती खरी माणसं होती. तिथे वाटेच्या तोंडाशी पाट्या आहेत, घरच्यांचा विचार करा, एकटे त्रास काढू नका, बोला अशा. माझ्या ओळखीत एक जण असा गेलाय म्हणून मला त्या पिक्चरमधले ते चेहरे बघवेनात, मी अर्ध्यातून उठले. घाबरून नाही. कोणाच्या तरी मुलाला पांढरा रंग फासून दचकवायला उभं केलं होतं असं वाटलं. ज्याने एवढं सोसलं त्याला मेल्यावर राक्षस करायचं, हे मला चालत नाही.

दिवाभीत

पाणवठा, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. आणि मुद्दा पूर्ण मान्य. रचलेली दंतकथा वेगळी आणि खऱ्या दुःखावर उभी केलेली वेगळी.

रातकिडा (धागाकर्ता)

पाणवठा, मनापासून आभार हे लिहिल्याबद्दल. मी तो पिक्चर बघितला तेव्हा 'भूत लवकर दाखवलं' एवढीच तक्रार केली होती. तुम्ही म्हणता ते तेव्हा दिसलं नव्हतं.

ब्लेअर विचमध्ये दंतकथा पूर्ण रचलेली, बर्किट्सविल गाव खरं पण चेटकीण डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी बनवलेली. तरी तिथेही माणसं दुखावलीच. आठ दिवस त्या तीन नटांना मेरीलँडच्या जंगलात ठेवलं, शूटिंगही त्यांनीच केलं, जीपीएसवर पुढचा ठिकाणा, तिथे डब्यात प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, दुसऱ्याला सांगायची नाही, रोज खाणं थोडं थोडं कमी, आणि रात्री दिग्दर्शक स्वतः येऊन तंबू हलवायचे. पात्रांना त्यांचीच खरी नावं दिली आणि प्रसिद्धी अशी केली की ही मुलं बेपत्ता आहेत. त्यातल्या हेदर डोनाह्यू या नटीच्या आईला लोकांनी सांत्वनाची कार्डं पाठवली. पिक्चरने जगभर जवळपास २५ कोटी डॉलर कमावले आणि २०२४ मध्ये त्या तिघांना जाहीर पत्र लिहून कमाईतला वाटा मागावा लागला. माझा सगळ्यात आवडता पिक्चर आहे आणि हे सगळं माहीत असून आवडतो, पण हे इथे लिहिल्याशिवाय त्याचं कौतुक करणं बरोबर वाटत नाही.

पाचोळा

आवाजी, सापडलं.

काल रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून बघितला. शेवटी दोघं त्या पडक्या घरात शिरतात, माइककडे व्हिडिओ कॅमेरा, हेदरकडे फिल्मचा. फिल्मच्या कॅमेऱ्यात आवाज नोंदला जात नाही, नोंदतोय तो माइकच्या कॅमेऱ्यात. माइक खाली तळघरात जातो, त्याचा कॅमेरा पडतो. मग हेदरच्या कॅमेऱ्यातलं चित्र दिसतं, ती जिना उतरतेय, किंचाळतेय, पण तिचा आवाज लांबून येतोय. आपण तिच्या डोळ्यांनी बघतोय आणि कान मात्र खाली पडलेत, जिथे ते जे काही आहे तिथे. ती जसजशी उतरते तसतसा तिचा आवाज जवळ येतो. जवळ म्हणजे आपल्याजवळ.

इतक्या वेळा बघितला, हे कधी ऐकलंच नव्हतं.

आवाजी

तेच.